मेनका, मादाम

मेनका, मादाम (१८९९–१९४७) : कथ्थकच्या आधारे भारतीय बॅले उभारणाऱ्या नर्तिका व नृत्यसंयोजक. मूळ नाव लीला रॉय. जन्म बारिसाल (सध्या बांगलादेश) येथे. पती साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. रशियन बॅलेरिना आना पाव्हलोव्हा यांच्या प्रोत्साहनाने त्या भारतीय नृत्याकडे वळल्या (पहा : बॅले). पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज व लच्छू महाराज हे त्यांचे गुरू.

कथ्थकमधील तोडे (लयबद्ध नृत्यरचना), तत्कार (पदन्यास) आणि गतभाव (अभिनयातून कथाकथन) हे तोवर प्रामुख्याने एकल सादरीकरणाचे घटक होते. मेनकांनी ते समूहात बांधले आणि त्यांना सलग कथानक व वाद्यवृंदाची जोड दिली (पहा : कथ्थक). कृष्णलीला, देवविजय नृत्य, मेनका लास्यम् आणि कालिदासाच्या नाटकावरील मालविकाग्निमित्रम् हे त्यांचे प्रमुख बॅले. १९३६ मध्ये त्यांचा नृत्यसंच यूरोपच्या दौऱ्यावर गेला. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्याला पारितोषिके मिळाली. सरोदवादक सखावत हुसेन खाँ संचात होते.

१९४१ मध्ये त्यांनी खंडाळ्यात ‘नृत्यालयम्’ ही निवासी नृत्यशाळा सुरू केली. तेथे कथ्थकबरोबर कथकळी व मणिपुरीही शिकवत. ही शाळा अल्पायुषी ठरली. तरी महाराष्ट्रातील कथ्थकच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. शिरीन वजिफदार व शेवंती भोसले या त्यांच्या शिष्या. दमयंती जोशी (१९२८–२००४) बालवयातच मेनकांच्या संचात आल्या व यूरोप दौऱ्यातही नाचल्या. पुढे एकल कथ्थकसाठी त्या ख्यातनाम झाल्या. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली (पहा : जोशी, दमयंती).