ऊसबिल जमा झालं का? खात्यावरचे व्यवहार मोबाईलवर बघायचे सोपे मार्ग, आणि न ओळखीची रक्कम कापली गेली तर काय करायचं

सातारा/सांगली : कारखान्याचं ऊसबिल, दुधाचा पगार, पीएम किसानचा हप्ता, लाडक्या बहिणीचे दीड हजार, सगळं आता थेट खात्यावर येतं. पण पैसे आले का हे बघायला अजून कितीतरी जण पासबुक घेऊन तालुक्याला हेलपाटा मारतात. पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून किंवा जत तालुक्याच्या टोकाच्या गावातून यायचं म्हणजे एसटीचं भाडं गेलं आणि दिवसाचा रोजगारही बुडाला. हेच काम घरबसल्या कसं करायचं, ते बघू.

आधी मोबाईल नंबर तपासा

खात्याला तुमचा चालू नंबर जोडलेला नसेल तर पुढचं काहीच चालत नाही. जुनं सिम बंद पडलं असेल तर आधी बँकेत अर्ज देऊन नवा नंबर लावून घ्या. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. मग तुमच्या खात्याचे मेसेज त्याला जातात. मुलाचा किंवा पुतण्याचा नंबर लावला असेल तर तोही बदला. खातं ज्याचं, नंबर त्याचाच बरा.

व्यवहार बघायचे चार मार्ग

१. बँकेचं स्वतःचं अॅप : स्टेट बँकेचं योनो, बँक ऑफ महाराष्ट्रचं महामोबाईल, अशी प्रत्येक मोठ्या बँकेची अॅप आहेत. त्यात 'स्टेटमेंट' किंवा 'पासबुक' उघडलं की तारखेप्रमाणे जमा आणि नावे रकमा दिसतात. अॅप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. जिल्हा बँकेत किंवा नागरी सहकारी बँकेत खातं असेल तर तुमच्या शाखेत कोणती सोय सुरू आहे ते विचारा.

२. यूपीआय अॅप : यात 'बॅलन्स चेक' केलं की शिल्लक कळते. पण 'हिस्ट्री'त त्या अॅपवरून झालेले व्यवहारच दिसतात. ऊसबिल किंवा बँकेने कापलेला चार्ज तिथे दिसेलच असं नाही. पूर्ण हिशोब बँकेच्या स्टेटमेंटवरच बघायचा.

३. मिस्ड कॉल : साध्या फोनवरही चालतं. स्टेट बँकेत शिलकेसाठी ०९२२३७६६६६६ आणि शेवटच्या ५ व्यवहारांसाठी ०९२२३८६६६६६ या नंबरवर, सेवेसाठी नोंदवलेल्या मोबाईलवरून मिस्ड कॉल द्यायचा. बाकीच्या बँकांचे नंबर पासबुकावर किंवा शाखेतल्या फलकावर मिळतात. गुगलवर शोधून सापडलेल्या नंबरवर विश्वास ठेवू नका.

४. गावातला बँक मित्र : आधार आणि अंगठ्यावर शिल्लक आणि मिनी स्टेटमेंट मिळतं. अंगठा दिला की पावती मागाच. 'मशीन चाललं नाही, परत अंगठा द्या' असं झालं तर आधीच्या वेळी पैसे निघाले नाहीत ना, याची लगेच खात्री करा. इतर वेळी एमआधार अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं.

स्टेटमेंटमधली भाषा

'एनईएफटी' आणि 'आयएमपीएस' म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत आलेले किंवा गेलेले पैसे. 'एसीएच डेबिट' म्हणजे तुम्ही पूर्वी मंजुरी दिलेला कर्जाचा किंवा विम्याचा आपोआप कापला जाणारा हप्ता. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले असतील तर तो जीवनज्योती विमा, २० रुपये असतील तर सुरक्षा विमा. दोन खात्यांतून दोनदा कापले जात असतील तर एका बँकेत लेखी अर्ज देऊन बंद करा. जीवनज्योतीचा विमा एका माणसाला एकाच खात्यावर मिळतो.

ऊसबिलाची तारीख मुद्दाम बघा. कायद्याप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची रक्कम मिळायला हवी, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. वजनाची पावती आणि खात्यावरची जमा तारीख, दोन्ही जवळ असतील तर बोलायला आधार मिळतो.

अनुदान आलंच नाही?

सरकारी योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जातात. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले हप्ते आले, तेव्हा अनेक जणी एका बँकेत शोधत होत्या आणि पैसे दुसऱ्याच जुन्या खात्यात पडले होते. माय आधारच्या संकेतस्थळावर आधार नंबर आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे बँकेचं नाव दिसतं. त्या बँकेत जाऊन बघा.

न ओळखीची रक्कम कापली तर

वेळ घालवू नका. पहिला फोन बँकेच्या हेल्पलाईनला करून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करा. दुसरा फोन १९३० या सायबर हेल्पलाईनला. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतो. झिरो बॅलन्स खात्याला ही मर्यादा ५ हजार, साध्या बचत खात्याला १० हजार. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं.

एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून कापले गेले, तर ५ दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. बँकेने ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८.

एवढं लक्षात ठेवा

- पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.
- 'चुकून तुमच्या खात्यावर पैसे आले, परत पाठवा' असा फोन आला तर मेसेजवर जाऊ नका, आधी खात्यावर बघा. खरंच आले असतील तर बँकेमार्फतच परत करा.
- व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' नावाने आलेली एपीके फाईल उघडू नका, ग्रुपवर ओळखीच्याने टाकली असली तरी.
- महिन्यातून दोन दिवस ठरवून स्टेटमेंट बघा. ३ दिवसांची मुदत आहे, पासबुक भरायला वर्षातून एकदा गेलात तर ती केव्हाच निघून गेलेली असते.