दाराबाहेरचे भय आणि दाराआतले भय

भय ही मनुष्यास नकोशी वाटणारी वस्तू. तरीही भरताच्या नाट्यशास्त्रात भयानकास इतर रसांच्या पंक्तीत मानाचे पान वाढलेले आहे. ही विसंगती आमच्या प्राचीन शास्त्रकारांस जाणवली नव्हती असे नाही. अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून शाकुंतलातील ते भेदरून पळणारे हरिण घेतले, आणि सांगितले की तेथे प्रतीत होणारे भय ना त्या हरिणाचे, ना प्रेक्षकाचे. स्थळकाळाच्या बंधनातून सुटलेले ते भय होय, व म्हणूनच ते आस्वाद्य ठरते. 'आता माझेच काही बरेवाईट होणार' असे प्रेक्षकास वाटू लागले की रसभंग झालाच. सिद्धांत सुरेख आहे. परंतु २०२० सालच्या टाळेबंदीत त्याची जी परीक्षा झाली तशी क्वचितच झाली असेल. भय अगदी स्वतःचे, दाराशी येऊन ठेपलेले. आणि नेमक्या त्याच दिवसांत चांगली शिकलीसवरलेली कुटुंबे रात्री दिवे मालवून भुताखेतांची पुस्तके वाचीत व भयपट पाहत बसली होती. हे कसे झाले?

या प्रश्नाचा विचार पुण्यामुंबईच्या सदनिकांतून न करता नारायणगावासारख्या ठिकाणाहून केला तर अधिक उलगडतो, असे आम्हांस वाटते. मीना नदीच्या काठचे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. विठाबाई भाऊ मांग यांनी आपल्या नावापुढे गावाचेच नाव लावले आणि ते महाराष्ट्रभर नेले. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, आणि चैत्र-वैशाखातील यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. २०२० साली पाडवा आला २५ मार्चला. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. ज्या दिवशी वर्षाच्या भाकरीची बोलणी व्हावयाची त्याच दिवशी सारे व्यवहार बंद पडले. आणि मैदानात, रात्रभर, हजारोंच्या संगतीने भोगावयाची करमणूक एकदम चार भिंतींच्या आत येऊन पडली.

या मुलखास खरे भय मात्र नवे नव्हते. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत धरणाचे पाणी आले, ऊस आला, आणि उसाबरोबर बिबट्याही वस्तीस आला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवर इतके हल्ले झाले की त्याची चर्चा देशभर झाली. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहास निवारा केंद्र उभे आहे. रात्रपाळीची वीज आली म्हणजे पिकास पाणी देण्यास जाणारा शेतकरी हाती काठी व विजेरी घेऊन जातो. हे भय कोणी रस म्हणून चाखीत नाही. पण त्यास काही नियम आहेत: ते बाहेर आहे, अंधारात आहे, उसाच्या फडात आहे. घरात येऊन कडी लावली की त्याची हद्द संपते.

आमच्या पूर्वजांची भुतेही अशीच नियमबद्ध होती. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्याशी, वेताळ गावाच्या वेशीबाहेर. हडळीची पावले उलटी, म्हणजे ती ओळखावयाचीही सोय. प्रत्येकाची जागा, वेळ व उतारा ठरलेला. पटकीसारख्या रोगासही खेड्यांनी मरीआईचे रूप दिले, तिचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेला आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडला. त्यात शेजारधर्म फारसा नव्हता हे उघड आहे! पण रोगास तोंड होते, वाट होती, आणि त्यास निरोप देता येत होता. या साऱ्या कल्पनांत उंबरठा ही सुरक्षिततेची रेषा असे.

ही रेषा पहिल्यांदा मोडली ती १८९७ च्या प्लेगात. त्या वर्षीच्या साथरोग कायद्याखाली पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, माजघर व देवघरही त्यांनी सोडले नाही. त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, हे सर्वविश्रुत आहे. त्या साथीत घर हेच भीतीचे स्थान ठरले. ज्यांस शक्य होते ती कुटुंबे गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. २०२० साली कायदा तोच, १८९७ चाच, उपयोगात आणला गेला. आज्ञा मात्र उलट, की घराबाहेर पडू नका. परंतु उंबरठा याही वेळी पुसला गेलाच. दुधाची पिशवी धुऊन घ्यावयाची, नोट उन्हात ठेवावयाची, मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावास चौदा दिवस शाळेच्या खोलीत बसवावयाचे. या नव्या भयास ना अमावास्या, ना पिंपळ, ना उलटी पावले. ज्यास वेळ नाही व रूप नाही असे भय दिवसाचे चोवीस तास पुरते, आणि आमच्या मते खरी यातना तीच होती.

आता पुस्तकांकडे वळू. मराठीत भयकथा पहिल्यापासून घरात वाचावयाची वस्तू आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेताळपंचविशी मराठी गद्यात आणली, तेव्हापासून प्रेताच्या तोंडून गोष्ट ऐकण्याची गोडी आमच्या घरांस लागलेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुरविली दोघांनी. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथांत अमंगळ शक्ती बाहेरून येते, बहुधा एखाद्या जुन्या वाड्यातून, आणि समर्थांसारखा कोणी अधिकारी पुरुष तिचा बंदोबस्त करतो. त्यांनी स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवरून 'लुचाई' व 'शपथ' लिहिल्या, पण त्या वाचताना परकेपणा जाणवत नाही. अमेरिकन पिशाच मराठी घरात इतक्या सहजतेने नांदू लागते की जावयासही तितके जमत नाही. रत्नाकर मतकरी यांची वाट निराळी. त्यांनी आपल्या लेखनास गूढकथा म्हटले, आणि 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'गहिरे पाणी' यांतून भय वाड्यातून काढून माणसाच्या मनात नेऊन ठेवले. धारपांचे पुस्तक मिटले की संकट टळते. मतकरींचे मिटल्यावर सुरू होते. समीक्षकांनी या दोघांस दीर्घकाळ ग्रंथालयाच्या मागल्या फळीवर बसविले, हा अन्याय आहे असे आम्ही स्पष्ट म्हणतो. वाचकांनी मात्र त्या पुस्तकांची पाने झिजविली.

महाराष्ट्रातील ग्रंथालये टाळेबंदीनंतर १५ ऑक्टोबर २०२० पर्यंत बंद होती, चित्रपटगृहे ५ नोव्हेंबरपर्यंत. तेव्हा घरात जे होते तेच पुन्हा वाचले गेले. जे नव्हते ते भ्रमणध्वनीवर वाचले किंवा ऐकले गेले. मार्चच्या मध्यावर चित्रीकरणेही थांबली, त्यात सिंधुदुर्गातील आकेरीच्या वाड्यात चालणारी 'रात्रीस खेळ चाले' ही मालिकाही होती. मुलांसाठी १९९३ चा 'झपाटलेला' पुन्हा निघाला. नेटफ्लिक्सवर मे महिन्यात 'बेताल' आणि जूनमध्ये 'बुलबुल' आला. पहिल्यात वेताळाचे नाव तेवढे उरले होते. दुसऱ्यात उलट्या पावलांच्या चेटकिणीचे दुःख पुरुषांच्या क्रौर्यातून उगवते, आणि तो आम्हांस पुष्कळ वरचढ वाटला.

या सुखाच्या मधोमध १७ मे २०२० रोजी मतकरी गेले, आणि गेले ते याच रोगाने. वय ८१. वाचकांच्या उशाशी 'खेकडा' पडलेला, आणि तो लिहिणारा, 'अलबत्या गलबत्या'सारखे बालनाट्य लिहून पोरांस हसविणारा, त्या साथीच्या निर्बंधांत, चाहत्यांच्या गर्दीवाचून निरोप घेऊन जातो! ज्यांनी त्या रात्री त्यांची कथा काढून वाचली त्यांच्याजवळ अभिनवगुप्ताचे साधारणीकरण कितपत उरले असेल? तरीही पुष्कळांनी ती वाचली.

असे इतरत्रही घडलेले आहे. १३४८ च्या प्लेगातून पळालेली बोकॅचिओची दहा तरुण मंडळी शंभर गोष्टी सांगतात, पण त्यांत भर प्रेमावर आणि विनोदावर. प्लेगचे नाव काढू नये हीच त्यांची रीत. उलट, १८१५ साली तांबोरा ज्वालामुखी फुटल्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, तेव्हा जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीत पावसाने कोंडलेल्या मंडळींनी जर्मन भूतकथा वाचल्या व आपणही लिहिण्याची पैज लावली. त्यातून अठरा वर्षांच्या मेरीचा 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आणि पोलिडोरीचा 'व्हॅम्पायर' (१८१९) निघाला. आमच्या टाळेबंदीच्या वाचकांचे नाते फ्लॉरेन्सपेक्षा जिनिव्हाशी अधिक जुळते. अमेरिकेतील कोल्टन स्क्रिव्हनर, डेन्मार्कमधील मॅथियस क्लासेन आणि त्यांचे सहकारी यांनी ३१० माणसांस प्रश्न विचारून २०२१ साली असे प्रसिद्ध केले की भयपटांच्या शौकिनांस साथीच्या काळात मानसिक क्लेश कमी झाल्याचे दिसते. भयपटाने मन घट्ट होते, की मुळात घट्ट मनाचीच माणसे भयपट पाहतात, हे त्यावरून ठरत नाही. परंतु रंगीत तालमीची कल्पना सहज टाकून देण्याजोगी नव्हे. आम्ही तिच्यात एवढीच भर घालू की रूपहीन भयाने गांजलेल्या मनास रूप असलेले भय विश्रांतीसारखे वाटते. हडळ दिसते, आणि दोन तासांनी संपते. मरीआईच्या गाड्यामागे चालणाऱ्यांचेही समाधान याच जातीचे असावे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लोक मरत असताना हा शौक कसला? ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले; पायी घरी निघालेली ती माणसे. त्यांस भयानक रस चाखण्यासाठी भिंती नव्हत्या. नारायणगावच्या फडांतील ढोलकीवाल्यांस व नाचणाऱ्या स्त्रियांस भिंती होत्या, पण मिळकत थांबलेली. भय हौसेने भोगता येण्यासाठी आधी पोट भरलेले, दार आपले, आणि पगार खात्यावर आलेला लागतो. अभिनवगुप्ताने प्रेक्षकाच्या निश्चिंतीबद्दल जे सांगितले त्याचा हा व्यावहारिक अर्थ त्याच्या मनात होता की नाही कोण जाणे. म्हणून त्या काळच्या वाचकांस आम्ही दोष देणार नाही. मात्र आपण भित्रे नव्हतो म्हणून तगलो, असे त्यांपैकी कोणी म्हणू लागला तर त्यास करमाडची आठवण द्यावी लागेल.

राज्यातील निर्बंध उठले ते २०२२ च्या पाडव्याला, २ एप्रिलला. दोन हंगाम गमावलेल्या फडांस पुन्हा सुपाऱ्या घेता येऊ लागल्या. घरात गेलेली भयकथा मात्र तेथेच राहिली असे झाले नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चे उदाहरण आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, बीज धारपांच्या कथेचे, आणि तेही १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकलेले. १९१८ सालच्या पावसात एका बंद घरात दोन पोरे, आई, आणि साखळदंडाने बांधलेली म्हातारी, हा त्याचा आरंभ टाळेबंदीतल्या घरांस किती जवळचा वाटला असेल हे सांगावयास नको. २०१८ साली तो चित्रपटगृहांतून लवकरच उतरला. लोकांनी तो पुढे घरी, एकेकट्याने पाहिला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा पडद्यावर आणला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न झाले. ज्यांस गोष्ट तोंडपाठ होती तीच माणसे तिकीट काढून, अनोळखी लोकांच्या शेजारी, अंधारात पुन्हा भ्यावयास आली होती.