वेदना आणि तिचें नांव

स्त्रियांचीं कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं, तीं सांगूं नयेत, सोसावीं, असाच जणूं शास्त्रार्थ ठरलेला असतो. ऋतुकाळींचा पोटशूळ हें त्यांपैकीं एक. आमच्याकडे ‘बाहेरची’ म्हणून बाजूला बसविलेली मुलगी कळ आली कीं ओठ दाबून धरी. आणि ‘बाईच्या जातीला हें असायचेंच’ असें म्हणून वडीलधाऱ्या स्त्रिया तिची समजूत घालीत. ही समजूत केवळ आमच्याच देशांतली होती असें मात्र नाहीं.

गर्भाशयाच्या अस्तरासारखें पेशीजाल अस्थानीं वाढलेलें पाहून व्हिएन्ना येथील कार्ल फॉन रोकिटान्स्की ह्यांनीं १८६० सालीं त्याचें वर्णन केलें. पुढें अमेरिकेंतील ऑल्बनी येथील शस्त्रवैद्य जॉन सॅम्पसन ह्यांनीं ऋतुकाळींच शस्त्रक्रिया करून पाहिलें, तों बीजकोशावरील हें पेशीजालही त्याच दिवसांत रक्त ढाळीत असलेलें त्यांस आढळलें. १९२१ सालीं त्यांनीं ह्यावर प्रबंध प्रसिद्ध केला; ‘एंडोमेट्रिऑसिस’ हें नांवही त्यांनींच रूढ केलें. स्रावाचें कांहीं रक्त बीजवाहिन्यांतून उलट उदरांत जातें व त्यांतील अस्तराचे कण तेथें रुजतात, असा सिद्धान्त त्यांनीं १९२७ सालीं मांडला. तो आजही मानला जातो. परंतु असें उलट वाहणें बहुतेक स्त्रियांत घडतें व रोग थोड्यांसच होतो, तेव्हां तेवढ्यानें कोडें उलगडत नाहीं.

नांव मिळालें, तरी वेदनेचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें गेलें असें नाहीं. १९४० नंतरच्या दशकांत बोस्टनचे डॉक्टर जो मेग्ज ह्यांनीं उशिरां होणाऱ्या विवाहांवर ठपका ठेवून लवकर लग्न व अपत्यप्राप्ति हा उपाय सुचविला. रोगाची चौकशी करतां करतां रोग्याच्या वर्तनाचीच चौकशी सुरू झाली! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें प्रजननक्षम वयाच्या सुमारें १० टक्के स्त्रियांस हा रोग असतो. आणि निदानास अजूनही अनेकदां वर्षें लागतात.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, ज्या कळेनें दर महिन्यास शाळा, नोकरी वा घरकाम अडतें, शौचास, लघवीस अथवा समागमसमयीं जी वेदना होते, ती स्वाभाविक मानूं नये. तारखा व लक्षणें टिपून ठेवावींत व स्त्रीरोगतज्ज्ञास दाखवावींत. साधी सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून रोग नाहींच असें ठरत नाहीं. तो समूळ जाईलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. पण औषधांनीं, व जरूर पडल्यास शस्त्रक्रियेनें, पुष्कळ आराम पडतो. सॅम्पसन ह्यांनीं त्याच दिवसांत पाहिलें म्हणून त्यांस दिसलें. घरच्या मुलीस त्याच दिवसांत ‘किती दुखतें?’ असें विचारणें आपल्यासही अवघड नाहीं.