माळ्याने मागितलेले वर्ष आणि इंदूरचे खत

अंजिराच्या झाडाचा दाखला (लूक १३:६-९) आपण प्रायश्चित्तकाळात ऐकतो. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि त्या वर्षात झाडाभोवती खणून खत घालायचे कबूल करतो. प्रवचनात आपण बहुधा देवाच्या सहनशीलतेवर थांबतो, खतावर कोणी थांबत नाही. चार शुभवर्तमानकारांपैकी खताचे नाव एकटा लूकच घेतो. आपण इंदूरकरांनी तरी त्या शब्दापाशी थोडे थांबावे, कारण जगातल्या शेतीच्या पुस्तकांत आपल्या शहराचे नाव गेले ते खतामुळेच.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्लंडमधल्या शेतकरी घरातले वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०५ साली ते बिहारमध्ये पुसा येथे सरकारी नोकरीवर आले. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके विकतची औषधे न मारताही निरोगी राहतात, हे त्यांनी पाहिले आणि शिकवायचे सोडून ते स्वतःच शिकू लागले. शेतकरी आणि कीड या दोघांना ते आपले प्राध्यापक म्हणत. १९२४ मध्ये ते आणि पत्नी गॅब्रिएल (त्याही वनस्पतिशास्त्रज्ञच) इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे.

माळव्यातली अडचण साधी होती. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात, शेताला खत उरत नसे, आणि पोत्यातले रासायनिक खत घ्यायला गरिबाकडे पैसे नसत. हॉवर्डनी थोडक्या शेणावर पुष्कळ काडीकचरा कुजवायची पद्धत बसवली. पऱ्हाट्या आणि तुराट्या चटकन कुजत नाहीत, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून ठेवायच्या. गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा होई. (या युक्तीला एक पैसाही लागत नाही, म्हणून ती आम्हांला सगळ्यात आवडते.) मग त्यांचे, पाचोळ्याचे आणि तणाचे थर खड्ड्यात घालायचे. त्यात गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, शेणकाला आणि चुलीतली राख. ओल राखायची, हवा खेळू द्यायची आणि तीन वेळा ढीग उलटापालटा करायचा. आतली उष्णता हात ठेववणार नाही इतकी वाढते आणि सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, मातीचा वास येणारे खत तयार होते. त्याला ‘ह्यूमस’ म्हणतात. हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ जमीन. नम्रतेसाठीचा लॅटिन शब्दही त्याच घरातला. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना आपल्याला मातीचीच आठवण करून दिली जाते.

१९३१ मध्ये या पद्धतीवर पुस्तक निघाले, त्यावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे त्या संस्थेतले रसायनतज्ज्ञ. आडनाव ऐकूनच आपल्या वाचकांना ते घरचे वाटेल. हॉवर्ड मायदेशी परतले, १९४० मध्ये त्यांचा ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टमेंट’ हा ग्रंथ आला आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या पुढाऱ्यांनी त्यातून स्फूर्ती घेतली. तिकडे हॉवर्ड या चळवळीचे जनक ठरले. वाडांचे नाव इथेही किती जणांना ठाऊक आहे? ढीग उलटणाऱ्या मजुरांची नावे तर कुठल्याच मुखपृष्ठावर नाहीत. दाखल्यातला माळीही बिननावाचाच आहे.

आम्हांला खरे खटकते ते पुढचे. ज्याला खत विकत घेणे परवडत नव्हते, त्याच्यासाठी ही पद्धत निघाली. आज ‘ऑरगॅनिक’ छापलेली तूरडाळ साध्या डाळीहून महाग असते. प्रमाणपत्राला कागद आणि फी लागते. ती छोट्या शेतकऱ्याला जड जाते आणि दुकानातली किंमत आपल्या वस्तीतल्या घरांना जड जाते. लेवीय १९ मध्ये शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी सोडायची आज्ञा आहे, म्हणजे चांगल्या अन्नातला वाटा हा त्याचा हक्कच मानलेला आहे. फक्त पैसेवाल्यांच्या ताटात जाणारे शुद्ध अन्न देवाला कितपत रुचेल, असे आमच्या धर्मवर्गातल्या मोठ्या मुलांना आम्ही विचारले, तर एकाने उलट विचारले, “मग आपणच का नाही पिकवत?”

म्हणून चर्चच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत एक खड्डा घेतला आहे. ओल्या कचऱ्याची बादली वेगळी ठेवायची सवय इंदुरात प्रत्येक घराला आहेच. पहिले खत पालक आणि मेथीला घालायचे आणि भाजी आधी विधवा-वृद्धांच्या घरी जाईल, असे ठरले आहे. सुकी पाने, भाजीची देठे आणि लाकडाची राख रविवारी मिस्सानंतर आणून द्यावी. प्लास्टिक नको, आणि शिजवलेले अन्नही नको, त्याने उंदीर येतात. ढीग उलटायला दर पंधरवड्याला चार जण लागतील, नावे धर्मवर्गाच्या वहीत लिहावीत.