श्वेडगोनच्या पायथ्याशी

डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले होते. त्या नगरीस, आजच्या यांगोनला, जाणाऱ्या उपासकांना आम्ही प्रथम हेच सांगू की, श्वेडगोन चैत्याच्या पायऱ्यांपाशीच पादत्राणे उतरवावीत, पायमोजेसुद्धा. या नियमामागे एक लढा आहे. १८५२ च्या युद्धापासून इंग्रजांची फौज त्या टेकडीवर बसली, ती १९२९ पर्यंत हलली नाही. ब्रह्मी उपासक अनवाणी वर जात, गोरे बुटांसह. १९१६ पासून तरुण बौद्धांच्या संघटनेने हा प्रश्न हाती घेतला, लेडी सयाडो यांनी त्यावर लेखणी चालविली, आणि १९१९ मध्ये हा निर्णय विहारप्रमुखांचा आहे, हे सरकारला मान्य करावे लागले. तेव्हा अनेक गोऱ्यांनी बूट काढण्याऐवजी चैत्यावर जाणेच सोडले! पादत्राणे घातलेल्यास धम्म सांगू नये, असे विनयातील सेखिय नियमांतही आहे. आजाऱ्यास मात्र सूट आहे.

दुपारी संगमरवर तापतो, म्हणून सकाळी किंवा सायंकाळी जावे. चैत्य उजव्या हाताला ठेवून फिरावे. वाटेत जन्मवारांची आठ स्थाने लागतात (बुधवारचे दोन भाग धरतात). तेथे लोक बुद्धमूर्तीवर पाणी घालतात. ही ग्रहकल्पना बुद्धवचनातील नव्हे, असे आमचे मत आहे. तथापि पाणी घालणाऱ्यांशी तेथे वाद घालू नये.