चारशे यार्डांवरची रांग

घरातल्या एका संगणकावरून मोठी फाईल पाठवायला घेतली की साऱ्या घराचं नेट मुंगीच्या पावलांनी चालतं. दुसऱ्या खोलीत परदेशातल्या नातवाशी चाललेलं बोलणं तुटतं. दोष वायरीला, नाहीतर भिंतीला दिला जातो. पण मंडळी, या दुखण्याला इतिहास आहे.

ऑक्टोबर १९८६. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून चारशे यार्डांवरचं बर्कलीचं विद्यापीठ. या दोघांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. म्हणजे सेकंदाला इंग्रजी पाच अक्षरं! एखादा शिपाई कागद घेऊन चालत गेला असता तरी आधी पोचला असता. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स यांनी शोध घेतला, तर मोडलेलं काहीच नव्हतं. वाटेत रांग लागली होती. पोच यायला उशीर झाला की पाठवणारा संगणक तेच पॅकेट पुन्हा धाडी, आणि तेही रांगेत उभं राही. सगळेच असं करू लागल्यावर वाट नकलांनीच भरली.

उपाय त्यांनी १९८८ च्या निबंधात मांडला. थोडक्यापासून सुरुवात करा, पोच येईल तसं वाढवा, पॅकेट हरवलं तर ती गर्दीची खूण समजून वेग निम्मा करा. मध्ये पोलीस नाही, प्रत्येकानं आपण होऊन आवरतं घ्यायचं. (वर्गात हे मला क्वचितच साधलं!)

पुढे मेमरी स्वस्त झाली. एकही पॅकेट हरवू नये म्हणून राउटरमध्ये रांगेला भलीमोठी जागा ठेवू लागले. हेतू चांगलाच, पण हरवणं हीच तर खूण होती! ती वेळेवर मिळेना, पाठवणारा रेटत राहिला. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांना घरून मोठ्या फाईली पाठवताना हे जाणवलं. एरवी काही मिलिसेकंदांत होणारी पॅकेटची जा-ये सेकंदाच्या वर गेली होती. या रोगाचं नाव पडलं 'बफरब्लोट'. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनी 'कोडेल' ही रीत काढली. रांग किती लांब हे न पाहता पॅकेट किती वेळ ताटकळलं हे पाहायचं, आणि फार वेळ झाला तर मुद्दाम एखादं टाकून द्यायचं.

तेव्हा महागडा प्लॅन घेण्याआधी फाईल जात असताना आणि नसताना 'पिंग' करून पाहा. आकडा कैक पटींनी चढला तर राउटरमध्ये 'एसक्यूएम' ही सोय आहे का शोधा. तिथे वेगाची मर्यादा मात्र प्रत्यक्षापेक्षा जराशी कमीच भरावी लागते.