सीडी रायटरचे दिवस

बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या घरांत कपाटाच्या एखाद्या खणात सीडींची चळत अजून असते. पाकिटांवर मार्करने लिहिलेले असते: 'मुंज', 'आजोबांची पंचाहत्तरी', 'गणेशोत्सव, नाटक'. या तबकड्या ज्या यंत्राने लिहिल्या, तो सीडी रायटर मात्र नव्या संगणकांत सहसा दिसत नाही.

सोनी आणि फिलिप्स यांची सीडी १९८२ साली बाजारात आली. ती कारखान्यात साच्यातून निघे. तिच्यावरचे सूक्ष्म खळगे म्हणजेच गाणे. घरी ती ऐकता येई, लिहिता येत नसे. जपानच्या तायो युदेन कंपनीने १९८८ मध्ये त्यावर तोड काढली. तबकडीत सेंद्रिय रंगाचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर धातूचा चकचकीत मुलामा. जोरकस लेझरने रंगाचा बारीकसा ठिपका भाजला, की तिथून प्रकाश कमी परततो आणि वाचणाऱ्या यंत्राला तो खळग्यासारखाच भासतो. सीडी 'बर्न' करणे हा शब्द असा अक्षरशः खरा आहे.

सुरुवातीचे रायटर फार महाग होते. १९९५ मध्ये एचपीने हजार डॉलरांच्या आतला रायटर आणला आणि पुढे किमती उतरत गेल्या. एकपट वेग म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. ७४ मिनिटांची सीडी लिहायला ७४ मिनिटेच लागत. संगणकाकडून येणारी माहिती मध्येच तुटली की तबकडी फुकट. म्हणून सीडी राइट होत असताना माउसला कोणी हात लावायचा नाही, असा आपल्याकडे दंडकच असे! थांबलेले लेखन त्याच जागेवरून पुढे नेण्याची सोय सान्योने २००० साली आणली. पुढे ५२ पट वेगाच्या यंत्रांनी हेच काम काही मिनिटांवर आणले. सीडीत ७०० एमबी मावत, डीव्हीडीत ४.७ जीबी. नोएडाची मोजर बेअर तर कोऱ्या तबकड्यांच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली.

आपल्यासाठी यातले मोल वेगळेच होते. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की आवाज दर वेळी थोडा खालावे. सीडीची प्रत मात्र मुळाबरहुकूम. मंडळाच्या नाटकाची, भजनाची प्रत पुण्याच्या मावशीला आणि अमेरिकेतल्या भाच्याला सारखीच मिळू लागली.

मग पेन ड्राइव्ह आला, इंटरनेट वेगवान झाले. ॲपलने २०१२ मध्ये आयमॅकमधून ही ड्राइव्ह काढून टाकली. २०१८ मध्ये मोजर बेअरच्या अवसायनाचा आदेश निघाला.

साच्यातले खळगे टिकाऊ. रंगातले ठिपके ऊन आणि उष्णतेने विटतात. सीडीच्या वरच्या, छापील बाजूला चरा गेला तर मुलामाच निघतो. मुंबई-पुण्याच्या गाजलेल्या नाटकांच्या मुद्रिका कंपन्यांनी काढल्या. आपल्या हौशी कलावंतांच्या प्रयोगाची प्रत कोणत्याही दुकानात मिळणार नाही. ती असलीच तर आपल्या खणातच आहे. यूएसबीने जोडायची बाहेरची ड्राइव्ह अजून बाजारात मिळते. तेव्हा यंदा आरास आवरताना तो खणही उघडू या. एक प्रत घरी ठेवू, एक मंडळाच्या हार्ड डिस्कवर. आणि पाकिटावर नुसते 'नाटक' न लिहिता साल आणि कलाकारांची नावेही लिहू. ती सांगू शकणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत.